शेजारी ठेवलेल्या दोन पेट्या

भीमराव तायडे गेल्याचा फोन अकोल्याहून त्यांच्या मुलीनं केला, तेव्हा जठारपेठेतल्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रमही होऊन गेला होता. सरांना कळवा, असं बाबा सांगून गेले होते, पण नंबर उशिरा सापडला, म्हणाली. त्यांना एक गोष्ट सांगायची माझी राहून गेली होती… अमरावतीहून अकोला काही फार लांब नाही.

आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तायडे परिचर होते. मी तिथंच शिकवायचो आणि मखमली मुंग्यांवर पीएच.डी. करत होतो. नाव मुंगीचं, पण हा कीटक गांधीलमाशीच्या नात्यातला. मादीला पंख नसतात. अंगावर लाल-काळी लव घेऊन ती जमिनीवरून तुरुतुरु पळते, बिळात राहणाऱ्या माश्यांच्या घरात शिरते आणि त्यांच्या पिल्लावर अंडं घालते. तिची अळी त्या पिल्लाला खाऊन वाढते. नराला पंख असतात, डंख नसतो, आणि तो मादीसारखा मुळीच दिसत नाही. त्यामुळे एकाच जातीच्या नराला एक नाव आणि मादीला दुसरं, असे घोटाळे या कुळात पूर्वीपासून झालेले आहेत. माझ्या प्रबंधात दोन नव्या जाती होत्या. एकीच्या फक्त माद्या सापडल्या होत्या, दुसरीचे फक्त नर. तेवढ्यावरून तरी मला शंका यायला हवी होती.

प्रबंध टाइप होऊन आला, त्याच आठवड्यात तायडे शेंदूरजनाघाटच्या एका संत्र्याच्या बागेतून परतले. त्यांनी टेबलावर काचेची एक नळी ठेवली. तिच्यात माझ्या एका जातीची मादी आणि दुसरीचा नर, दोघंही होते.

"सर, हे दोन जाती नाही. जोडपं हाय. उडणाऱ्यानं खालचीले उचललं अन् घेऊन चालला होता. मी डोळ्यानं पाहिलं."

शिकार धरली असेल, मी म्हणालो.

"शिकार असती तं तिनं डंख नसता मारला? तिचा डंख मले मालूम हाय, तीन दिवस हात सुजला होता माहा. अन् ही गुपचूप चालली होती त्याच्यासंगं."

मी म्हणालो, "तायडे, तू किडे धर. नावं ठेवायचं काम माझं."

मी ती जोडी वेगळी केली, दोन टाचण्यांवर लावली, दोन पेट्यांत ठेवली. दोन्ही चिठ्ठ्यांवर संग्राहक म्हणून माझंच नाव लिहिलं. मला पदवी मिळाली, पुढं विभागप्रमुखही झालो. तायडे परिचरच राहिले.

या विषयावर ते पुन्हा एक शब्द बोलले नाहीत. फक्त दरवर्षी पावसाळ्याआधी पेट्यांतल्या डांबराच्या गोळ्या बदलायचं काम त्यांच्याकडे असे, आणि ते झालं की त्या दोन पेट्या कपाटात शेजारीशेजारी दिसायच्या. मी एक उचलून खालच्या कप्प्यात ठेवायचो. पुढच्या वर्षी पुन्हा शेजारी… मी निवृत्त होईपर्यंत हे असंच चाललं. दोघांनाही ठाऊक होतं, दोघंही चहा एकत्र प्यायचो.

गेल्या आठवड्यात कॉलेजात जाऊन ते कपाट उघडून घेतलं. पेट्या शेजारीच होत्या. तायडे माझ्यानंतर तीन वर्षं नोकरीत होते आणि त्या पेट्या वेगळ्या करणारं कोणी उरलं नव्हतं.

संग्रहाचा एक नियम आहे. टाचणीवरची जुनी चिठ्ठी कधी काढायची नसते; चूक दुरुस्त करायची तर तिच्याखाली नवी लावायची. नव्या मुलांना हे तायडेच शिकवायचे. मी नर आणि मादी एका पेटीत आणले. अक्षर वाईट आलं. 'एकच जात. शेंदूरजनाघाट. जोडी पाहणारे, पकडणारे व ओळखणारे : भीमराव तायडे.' ही चिठ्ठी दोन्ही टाचण्यांवर लावली. वर माझ्या नावाची जुनी चिठ्ठी आहे. ती तशीच राहील.