गाडीच्या दारात सापडलेला हात

लोटा पितळेचा होता. मालकाच्या आईने त्यात आंब्याची डहाळी बुडवली आणि आम्ही नुकत्याच धुतलेल्या पांढऱ्या गाडीवर तिने गोमूत्र शिंपडलं. बोनेटवर, टपावर, चारही दारांच्या मुठींवर. तुमची आत्या वाकून पाइप गुंडाळत होती. तिच्या पाठीवरही थेंब उडाले. म्हातारी हसून म्हणाली, "राहू दे वं, तू बी शुद्ध झाली."

बाळांनो, आत्याची दोन बोटं वाकडी का, असं तुम्ही फोनवर विचारलंत. दारात सापडली, असं ती म्हणाली. ते खोटं नाही. दार त्याच गाडीचं होतं आणि ते लावणारा माणूस होता. तुमची झोप उडू नये म्हणून तिने एवढंच सांगितलं. मला ते पटत नाही. उडू दे झोप. हे मी मराठीत लिहिते आहे, कारण जे झालं ते याच भाषेत झालं. शब्द अडला तर बाबाला विचारा.

मी इंग्रजी शिकवून निवृत्त झाले तेव्हा गोंदियात गाड्या वाढू लागल्या होत्या. आत्या नवऱ्याचं घर सोडून माझ्याकडे आली होती. आम्ही एक जुनी व्हॅन घेतली. मागे पाण्याची टाकी, पेट्रोलवर चालणारा प्रेशर पंप, शॅम्पू, पॉलिश, फडकी. फोन आला की दारी जाऊन गाडी धुवायची. यांचं पाणी यांच्याजवळच असतं, मोठी सोय आहे, असं लोक म्हणायचे. आम्ही टाकी त्यांच्या सोयीसाठी बसवली नव्हती. माझी आई विहिरीपासून लांब उभी राहायची. कोणी वरून ओतेल तेव्हा तिची घागर भरायची. माझ्या लेकीने कोणाच्या अंगणात पाणी मागायचं नाही, म्हणून ती टाकी होती.

दवनीवाड्याच्या पुढे एका गावात ते मालगुजारांचं घर. धानाची शेती, गुरांचा मोठा वाडगा, ओसरीवर कायम चार माणसं बसलेली. धाकटा मालक शाळेत माझ्या वर्गात होता. दारात उभा राहून "मे आय कम इन, मॅडम" म्हणायचा. त्याच्या अंगणात मी मॅडम नव्हते. व्हॅनच्या काचेवरचा निळा झेंडा त्याने पाहिला आणि सांगितलं, बाहेरून धुवा, आत शिरू नका. आम्ही बाहेरून धुतली. मग तो लोटा आला. आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी पंप व्हॅनमध्ये चढवला. त्या घराच्या ओळखीने आजूबाजूच्या गावांतल्या गाड्या मिळणार होत्या.

दसऱ्याला त्याचा पुन्हा फोन आला. गाडीची पूजा होती. कोहमाऱ्याकडून येताना गाडी कुठेतरी फसली होती, आतपर्यंत चिखल झाला होता. या वेळी आतूनही साफ पाहिजे, म्हणाला. डॅशबोर्डवर देवाची छोटी मूर्ती होती. मूर्ती मालकाने स्वतः काढून घ्यायची, मगच आम्ही आत हात घालायचा, असा आमच्या धंद्यातला रिवाज. आत्याने हाक मारली. कोणी आलं नाही. तिने पुन्हा हाक मारली. ओसरीवरून तोच बोलला, "करा ना लवकर. मुहूर्त जाऊन राहिला."

तिने कोरं फडकं काढलं. मूर्ती अलगद उचलली आणि फडक्यावर ठेवली.

म्हातारी किंचाळली. तो धावत आला आणि त्याने आत्याचे केस धरले.

"देवाले हात कायले लावला वं?"

तुम्हीच लवकर करा म्हणालात, असं ती म्हणाली. त्याने थोबाडीत मारली. पुन्हा मारली. ती कोलमडली आणि आधाराला तिने दाराची चौकट धरली. त्याने तिच्या हाताकडे पाहिलं. मी समोर होते, मी त्याचे डोळे पाहिले. चुकून झालं, असं पुढे सगळे म्हणाले. चुकून नाही. त्याने हात पाहिला आणि मग दार लावलं. सगळ्या ताकदीने.

हाड मोडल्याचा आवाज आला.

बोटं फटीत. आत्या बाहेर लोंबकळलेली. आणि तो दाराला पाठ लावून उभा राहिला. मी म्हटलं, दार उघड. तो म्हणाला, "मास्तरीण, इथं शाळा नोको भरवू. या हाताले हेच औषध आहे." ओसरीवरची माणसं हसली.

माझ्या हातात पंपाची बंदूक होती. पंप चालू होता. त्या धारेने चाकांवरचा वाळलेला चिखल सोलून निघतो. मी ती त्याच्या तोंडावर सोडली. कपाळ फाटलं. तो तोंड झाकून दारापासून बाजूला खाली बसला. मी धार त्याच्यावरच ठेवली आणि डाव्या हाताने दार उघडलं.

मग काठ्या आल्या. व्हॅनच्या काचा गेल्या. टाकी फोडली, पाणी अंगणभर वाहिलं. माझ्या बरगड्यांवर काठी बसली, श्वास घेता येईना. आत्याला मी व्हॅनमध्ये ओढलं आणि गाडी हाणली. तिच्या मांडीवर रक्ताचं थारोळं होतं.

ठाण्यातला हवालदार म्हणाला, "मॅडम, आपस में निपटा लो. उसका भी माथा फटा है." मी बाकावरून उठले नाही. म्हटलं, दोन्ही लिहा. त्याने केलं ते लिहा, मी केलं तेही लिहा. मी धार मारली, जाणूनबुजून मारली. अंधार पडायच्या आत त्यांना लिहावं लागलं.

पुढे चार प्रतिष्ठित माणसं घरी आली. पोरगा तापट आहे पण दिलाचा साफ आहे, तुम्ही शिकलेल्या बाई आहात, नवी व्हॅन घेऊन देतो, असं बरंच बोलले. आत्या आतून आली. बँडेजचा हात तिने त्यांच्यापुढे धरला.

"त्याले म्हणा, गावासमोर त्याच दारात हात ठेव. दार मी लावते. मग केस मागे घेते."

चहा तसाच ठेवून ते उठले.

आम्ही धंदा बंद केला नाही. दुसरी व्हॅन उभी केली. आता आत्या फोनवर आधीच सांगते: आमचा हात लागेल. बाहेर लागेल, आत लागेल, देवालाही लागेल. नंतर लोटा आणायचा असेल तर दुसरं कोणी बघा. पुष्कळ लोक फोन ठेवून देतात. ठेवू देत.

त्याच्यावरचा खटला चालू आहे. माझ्यावरचाही चालू आहे. तारखा पडतात, त्याचे वकील बदलतात, मी म्हातारी होते आहे. मी मेले की कोणीतरी तुम्हाला गाठेल. चांगल्या इंग्रजीत बोलेल. आजी गेल्या, जुनी गोष्ट आहे, आत्याला जरा समजवा, म्हणेल.

समजवायचं नाही. तिकीट काढायचं, इकडे यायचं आणि कोर्टात तिच्या शेजारी बसायचं.