पोहण्यास सक्त मनाई

अमरावतीच्या एका तलावावर आम्ही आठ-दहा निवृत्त लोक सकाळी फिरायला जातो. त्यात मी मराठीचा मास्तर. मागच्या उन्हाळ्यात पोहायला उतरलेले कॉलेजचे दोघे तिथे बुडाले, तेव्हा बोर्ड लावायचं आम्ही मनावर घेतलं. मजकुराचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. 'सक्त' हवं की नको, यावर आमचं चार दिवस भांडण झालं. शेवटी 'सदर जलाशयात पोहण्यास सक्त मनाई आहे' असं ठरलं. पेंटरने 'मनाइ' लिहिलं होतं, ते मी शेजारी उभं राहून दीर्घ करून घेतलं.

तलावाला कठडा आहे, पण तो पलीकडच्या भिंतीवर. तिकडे कुत्र्यांशिवाय कुणी फिरकत नाही. माणसं जमतात घाटाच्या पायऱ्यांवर, कारण सावली तिथे, बसायला जागा तिथे आणि जिलेबीची गाडीही तिथेच. नळ मात्र कुठेच नाही. मग चिकट हात घेऊन माणूस जाणार कुठे? सगळे पायऱ्या उतरतात. पहिल्या दोन कोरड्या, तिसरी शेवाळलेली आणि तिच्यापुढे पायरीच नाही. हे मी रोज पाहत होतो आणि मला त्यात काही खटकत नव्हतं. माझं सगळं लक्ष त्या दीर्घ ईवर.

दिवाळीनंतर अकोटहून माझी थोरली बहीण राहायला आली. कपाशीच्या शेतात जन्म गेलेली बाई. संध्याकाळी मी तिला तलावावर नेलं ते मुद्दाम. मला बोर्ड दाखवायचा होता, खोटं कशाला बोलू? तिने तो मोठ्याने वाचला आणि मान डोलावली. आम्ही जिलेबी खाल्ली. बोर्ड कुणाचा, हे सांगायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती चपला काढून उठली.

"ताई, जपून."

"कावून? मी काय पोहून राहिली? हात धुतो अन् येतो."

तिसऱ्या पायरीवर तिचा पाय सटकला. आवाजही फारसा झाला नाही. पाण्यावर फक्त पदर दिसत होता. मला पोहता येत नाही. मी तिच्या चपला हातात घेऊन नुसता ओरडत उभा राहिलो. इतका घाबरलो होतो की काय ओरडलो तेही आठवत नाही. जिलेबीवाल्या बाईने गाडीच्या ताडपत्रीचा बांबू उपसला आणि पाण्यात पुढे केला. दुसऱ्या खेपेला ताईच्या हाताला तो लागला. चौघांनी मिळून तिला वर ओढलं.

बऱ्याच वेळाने, कुणीतरी दिलेली चादर गुंडाळून बसलेली असताना तिने विचारलं, "कोनं लिवला थो बोर्ड?"

मी हातातल्या तिच्या चपला तिच्या पायाशी ठेवल्या.

"ज्याले पोहता येते, त्याले सांगून राहिला का पोहू नोको. ज्याले येत नाही, त्याले कोन सांगन?"

मला तिथल्या तिथे गडप व्हावंसं वाटलं. "मी लिहिला, ताई," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. ओरडेल असं वाटलं होतं, पण दातांवर दात वाजत असतानाच ती म्हणाली, "मंग दुसरा लिव."

आमच्या मंडळींना या वेळी मी विचारलं नाही. विचारलं असतं तर आणखी चार दिवस गेले असते. जिलेबीवाल्या बाईने गाडीजवळ तोटीचा ड्रम आणून ठेवला आणि मी पेंटरला घाटाच्या तोंडाशीच उभं केलं. ताईने घरी सांगितलेलं मी त्याला शब्दाला शब्द सांगितलं: 'हात धुवाले बी उतरू नोका. तिसऱ्या पायरीपुढं पायरी नाही. पानी डोक्यावर हाये.'

माझा एक जुना विद्यार्थी, आता वकिली करतो, फिरता फिरता थांबला. त्याने बोर्ड वाचला, मग माझ्याकडे पाहिलं.

"सर, तुम्ही? 'पानी' लिहिलं म्हणून तुम्ही मला वर्गाबाहेर उभं केलं होतं."

"हो, अशुद्ध आहे," मी म्हणालो. "पण लोक वाचतील."