नागलीवरचे पाय

"मावशी, जरा बाहेर या ना. इथे आमच्यासमोर बसून जेवा."

ध्यानकेंद्राच्या मॅडमनं मला हाक मारून स्वयंपाकघरातून बाहेर बोलावलं. बाहेर मुंबई-पुण्याहून आलेली माणसं मांडी घालून बसली होती. प्रत्येकाच्या ताटात माझ्या हातची नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी. मी मॅडमपेक्षा वयानं बरीच लहान. पण हात पिठात गेले की शहरातल्या लोकांच्या लेखी बाईची मावशी होते.

मला वाटलं, मान देतायत. बसले. जेवायला लागले. तेवढ्यात मॅडमनं हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"बघा, ही कशी जेवते. नीट चावतसुद्धा नाही. ही चवीनं खात नाही, घाबरून खाते. शरीर काही विसरत नाही. यालाच ट्रॉमा म्हणतात."

सगळे बघायला लागले. एका बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. एकानं मोबाईल वर धरला. माझ्या तोंडात घास होता. गिळू की थुंकू, कळेना.

मॅडमचं चालूच. लहानपणी पोटाला नीट मिळालं नाही की मेंदूची वाढ खुंटते. लक्ष लागत नाही. लक्षात राहत नाही. हे सगळं माझ्याकडे बोट करून. बाजारात बैलाचे दात दाखवतात ना, तसं.

लक्षात राहत नाही? मग ऐका.

आम्ही इथल्याच साखरशेत गावचे. जमीन आहे, पण उतारावरची. दिवाळी झाली की आईबाप आम्हा पोरांना घेऊन भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचे. तिथला मुकादम. आम्ही जेवायला बसलेलं दिसलं की त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "उठो, कितना खाते हो!" म्हणायचा आणि टोपाला लाथ मारायचा. भात मातीत. आय तो वेचायची, धुवायची, आम्हाला द्यायची. दातांखाली माती करकरायची. म्हणून आम्ही भराभर गिळायला शिकलो. त्याची चप्पल वाजायच्या आत भात पोटात गेला पाहिजे. आजही जेवताना मागून चप्पल वाजली की मी घास न चावताच गिळते.

म्हणजे मॅडम बोलली ते खरंच होतं. त्याचाच जास्त राग आला. सगळं ओळखलं बाईनं, पण एक विचारलं नाही. कोणी घाबरवलं? ट्रॉमा म्हणजे जणू गोवर. येतो आपोआप अंगावर, कोणाचा दोष नाही.

हे केंद्र जव्हारच्या पुढे, डोंगरात. लोक इथे मन शांत करायला येतात. हळू चालायचं, हळू खायचं, श्वासाकडे बघायचं. आमच्याकडची नागली, रानभाजी त्यांना आता औषध झालीये. आम्ही खायचो तेव्हा ते गरिबाचं खाणं होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणाली, "मावशी, नागली निवडून, पाखडून मोठ्या परातीत पसरून ठेवा. सकाळच्या ध्यानाला लागेल."

नागली आमच्याच शेतातली. घरात ठेवून उरलेली मीच केंद्राला विकली होती. आणि ध्यानाला म्हटल्यावर मला वाटलं, पूजेला. आमच्याकडे नागली आणि भात म्हणजे कणसरी, धान्याची देवी. खळ्यावर आम्ही चपला घालून जात नाही. मळणीत ती पायाखाली येते, पण आधी हात जोडतो, आणि मळतो ते खायला. मी सकाळी अंघोळ केली. परातीला हळदकुंकू लावलं. नागलीवर झेंडूचं फूल ठेवलं. येडी मी.

माणसं आली आणि एकेक करून परातीत उभी राहिली. डोळे मिटून.

"प्रत्येक दाणा तळव्याला जाणवू द्या," मॅडम हळू आवाजात म्हणत होती. "मातीशी जोडले जा."

फूल पहिल्याच पायाखाली चुरगळलं. एकीच्या तळव्याला हळद लागली. "किती गोड!" म्हणून ती हसली. मी दाराशी उभी. माझे कान तापले. पण तोंड उघडलं तर काम जाणार, घरात म्हातारी आय आणि शाळेतली पोरगी. 

सगळं उरकल्यावर मॅडमनं परातीकडे बोट केलं.

"फेकू नका हं मावशी. घरी घेऊन जा. धुतलं की छान होतं. तुमच्या मुलीला होईल."

धुतलं की छान होतं. माझ्या दातांखाली माती करकरली. खरंच करकरली.

"नाय," मी म्हटलं.

"अहो, का?"

"पाय लावलेलं माझी पोरगी खाणार नाय."

मॅडमनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "राग येतोय ना? राग शरीरात साठतो, त्यानं आजार होतात. एक खोल श्वास घ्या. सोडून द्या."

मी तिचा हात काढला. म्हटलं, "बरं. मग दुपारच्या भाकऱ्या याच्याच करते. धुतलं की छान होतं. सगळ्या पाहुण्यांना सांगून वाढते, तुम्हाला पहिली."

मॅडमचा शांत चेहरा तिथल्या तिथे उतरला. "काहीतरीच काय! लोकांना पायाखालचं कसं वाढणार?"

"मग माझी पोरगी कोण आहे?"

आवाज चढला होता माझा. पाहुणे वळून बघत होते. बघू देत. परवा फुकट बघितलंच होतं. मॅडमनं दात आवळून सांगितलं, "उद्यापासून येऊ नका." मी नागली फडक्यात बांधली. खायला नाही, पण तिथे ठेवायची नव्हती मला. परात तिच्यासमोर पालथी घातली आणि निघाले.

घरी आयनं गाठोडं बघितलं. सगळं सांगितलं तिला.

"कनसरीला पाय लावला?"

"सगळ्यांनी लावला."

"आन तू काम घालवलंस."

"घालवलं."

तिनं फडक्याला हात जोडले आणि म्हणाली, "चुलीत जाऊ दे तिचा काम."

आता मी मिळेल त्या मजुरीला जाते. दिवस कठीण आहेत, गोड करून सांगणार नाही. केंद्राची गाडी गावात नागली घ्यायला येते. मी गाडीजवळ उभी राहून बायकांना सांगते, तुमच्या नागलीवर काय करतात ते. काही जणी तरीही विकतात. त्यांना गरज आहे, त्यांच्यावर माझा राग नाही. गाडीवाला मला शिव्या देतो. देऊ दे. पुढच्या खेपेलाही मी तिथेच असेन.

माझ्या आयकडे भीती होती. तीच तिनं मला दिली, तिच्याकडे दुसरं काही नव्हतंच. माझ्या पोरीला मी पोटभर भाकरी देईन आणि त्याबरोबर राग देईन. कोणी कितीही गोड आवाजात सोडायला सांगितला, तरी न सोडण्यासारखा.