आसराबाईचा दुसरा पाट

केदारखेड्यात कुणाचं जनावर आडवं झालं की आधी आसराबाईला बोलावतात, डॉक्टरला फोन मागाहून लावतात. तिशी उलटेपर्यंत ती नवऱ्याबरोबर मेंढरांमागे रानोमाळ हिंडलेली बाई. आता कळप गेला, पाच एकर रान आणि दारात चार शेळ्या राहिल्या, पण डोळा तोच आहे. जनावर कसं उभं आहे हे ती दहा पावलांवरून बघते आणि सांगते, याला फुगारा धरलाय, पोट वाऱ्याने फुगलंय; हिचं पिल्लू आडवं आलंय. बहुतेक वेळा ती म्हणते तेच निघतं. हे तिला चांगलं ठाऊक आहे आणि ती ते लपवतही नाही. नवरा रायभान शहाणा माणूस. तिच्याशी वाद घालणं त्याने लग्नाच्या पहिल्याच वर्षी सोडून दिलं.

जीभही डोळ्याइतकीच धारदार. चार वर्षांपूर्वी तिच्या एकुलत्या एक लेकीचं, छकुलीचं लग्न झालं. नवरदेव रामेश्वर, बदनापूरचा, जालन्याला बियाण्याच्या कंपनीत नोकरी. स्वभावाने गरीब आणि देहाने दांडगा, वजन सव्वाशे किलो. पंगत बसायला लागली तेव्हा आसराबाई भर मांडवात ओरडली, "अगं, दोन पाट मांडा! आमचे पाव्हणे एका पाटावर मावायचे न्हाईत!"

मांडव हसला. रामेश्वरही हसला, फक्त त्याचे कान लाल झाले. पुढे हा किस्सा गावात प्रत्येक लग्नात निघायचा आणि दर वेळी त्यात थोडी भर पडायची. आसराबाईला त्याची मोठी गंमत वाटायची. सासूने जावयाची चेष्टा करायची नाही तर कुणाची करायची?

यंदा धोंड्याचा महिना आला. तीन वर्षांनी येणारा हा अधिकाचा महिना म्हणजे जावयाचा मान. लेक-जावयाला घरी बोलवायचं, पुरण भरून उकडलेले धोंडे तुपात बुडवून वाढायचे, कपडे करायचे. आसराबाईने आठ दिवस आधीपासून तयारी केली. ठरल्या दिवशी गाडी दारात थांबली, रामेश्वर उतरला आणि अख्खी गल्ली बघत राहिली. जावई अर्धा झाला होता.

"मामी, साखर बंद केली," तो म्हणाला. "रोज सकाळी चालून राह्यलो."

आसराबाईला बरं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं. गेल्या दिवाळीनंतर जावई आलाच नव्हता, कायम काही ना काही काम निघायचं.

पंगत बसली. रामेश्वरने एक धोंडा कसाबसा संपवला आणि ताटावर हात आडवा धरला. पण धोंड्याच्या जेवणात जावयाचं ऐकतो कोण? भाऊबंद आग्रहाला लागले. आसराबाईने त्याचा हात बाजूला सारून दुसरा धोंडा टाकला, वर तुपाची धार सोडली. "खावा पाव्हणे, तीन सालानं येतंय." त्याने एकदा छकुलीकडे बघितलं आणि तोही खाल्ला.

तासाभरात त्याच्या पोटात कळ आली. आधी त्याने ती दाबून धरली. मग घामाने सदरा भिजला तेव्हा रायभानने त्याला गाडीवर बसवून राजानंद डॉक्टरांकडे नेलं. गावात त्यांचा छोटा दवाखाना आहे. सोबत चार भाऊबंद निघाले, ते दवाखान्याच्या दारातच उभे. डॉक्टरांनी विचारलं, "आधी काही आजार? कधी ऑपरेशन वगैरे?"

रामेश्वरने दाराकडे बघितलं. "न्हाई," तो म्हणाला.

मग डॉक्टरांनी समोर दिसतं त्यावर इलाज केला. पित्त, गॅस, जड जेवण. इंजेक्शन दिलं. अर्धा तास बरा गेला, त्याला घरी आणलं आणि कळ पुन्हा आली, आधीपेक्षा मोठी.

तोवर घरात बायका जमल्या होत्या. आसराबाईची जाऊ नंदाबाई म्हणाली, "दिष्ट लागली. एवढे बारीक झाले, कुणीतरी बघितलं असंल." तिने मीठ-मोहऱ्या उतरवल्या. आसराबाईने तिला उतरवू दिल्या, त्याने बिघडणार काय होतं? पण तिची नजर जावयावरून हलली नाही. तो पलंगावर पडत नव्हता. गुडघे टेकून उशीवर कपाळ ठेवायचा, उठायचा, दोन पावलं टाकायचा, पुन्हा गुडघ्यावर. हात सारखा डाव्या बरगडीखाली. कळ यायची, जायची, परत यायची. ढेकर आला तरी उतार नाही.

आसराबाईने हे आधी एकदा पाहिलं होतं. वीस वर्षांपूर्वी तिची काळ्या कानांची मेंढी अशीच उठबस करत होती. आसराबाई म्हणाली होती फुगारा आहे, तेल पाजा. संध्याकाळी मेंढी मेली, पोट फाडलं तर आतडं पिळवटून काळं पडलेलं. तिचा अंदाज सपशेल चुकला असा तो प्रसंग, आणि तो ती कुणाला सांगत नाही.

"जावईबापू, खरं सांगा. काय झालंय?"

"काही न्हाई मामी. जिरंल."

पण तेवढ्यात छकुलीने मान खाली घातली, आणि ते आसराबाईने पाहिलं.

जावयासमोर तिने कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. त्याच्या पलंगावर बसणं तर लांबच. पण ती उठली, सगळ्यांना म्हणाली, "चला, भाईर निघा. नंदा, तू बी." छकुलीला तेवढी आत ठेवून दार लोटलं आणि तिने सरळ जावयाचा सदरा वर केला. पोटावर पाच बारीक व्रण होते, तुरीच्या दाण्याएवढे, अजून पुरते न विटलेले.

"हे काय हाय?"

रामेश्वरने डोळे मिटले. छकुली रडायला लागली. "आई, दिवाळी झाल्यावर आप्रेशन केलं यांनी. संभाजीनगरला. वजन कमी करायचं. जठर बारीक करून आतडं वरती जोडलंय."

"आन ही कळ? आजच आली का?"

"या महिन्यात दोनदा आल्ती. जेवल्यावर. आपोआप राह्यली. बदनापूरच्या डॉक्टरनं पित्ताच्या गोळ्या दिल्या. त्यांनाबी आप्रेशनचं सांगितलं न्हाई."

"आप्रेशन केलं त्या डॉक्टरनं काय सांगितल्तं?"

"पोटात दुखलं तर थेट इकडं या म्हणले व्हते. नंबरबी दिलाय. हे म्हणले, बराबर हाय मी, कशाला जायचं."

"लाव नंबर. मी बोलते."

तिने फोन कानाला लावला आणि दुखणाऱ्या मेंढराचं सांगावं तसं सगळं क्रमाने सांगितलं. कधी सुरू झालं, हात कुठे जातो, किती वेळाने कळ येते, इंजेक्शनने काय झालं. पलीकडच्या सर्जनबाईंनी मधे एकदाही थांबवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "काही खायला-प्यायला देऊ नका. वाटेत कुठे थांबू नका. मी इथे तयारी करते."

दार उघडलं तर नंदाबाई ओव्याचं पाणी घेऊन उभी. आसराबाईने पेला घेतला आणि अंगणात ओतून दिला. "त्यांच्या तोंडाला थेंब लावायचा न्हाई. गाडी काढा."

भाऊबंदांपैकी एकजण म्हणाला, सकाळपर्यंत बघू, उगा खर्च कशाला. दुसरा म्हणाला, धोंडे खाऊन जावई दवाखान्यात गेला असं लोक म्हणतील. आसराबाईलाही हे आधीच सुचलं होतं. "म्हणू द्या," ती म्हणाली. "मला जावई पायजे, नाव नको."

एका भाऊबंदाने गाडी काढली, रायभान त्याच्याशेजारी पुढे बसला. मागे रामेश्वर आसराबाईच्या मांडीवर डोकं टेकून कण्हत होता. तिने एका हाताने त्याचं कपाळ धरलं आणि लेकीला हळू विचारलं, "माझ्यापून का लपवलं? मी काय परकी व्हते?"

छकुलीने नवऱ्याचे पाय मांडीवर ओढून घेतले. "आई, तुझ्यापूनच लपवायचं व्हतं. मांडवातलं ते दोन पाट यांच्या मनातून गेलं न्हाई कधी. म्हणले, आप्रेशनचं कळलं तर मामी अजून एक किस्सा करतील. म्हणून डॉक्टरलाबी सांगत न्हवते, बातमी गावात येईल म्हणून."

वाटेतलं राजूर गाव मागे पडलं तरी आसराबाईच्या डोळ्यांसमोर तो मांडवच होता. जनावराचं दुखणं दहा पावलांवरून ओळखणारी ती, आणि मांडवात समोर बसलेल्या माणसाचे लाल कान तिला दिसले होते आणि कळले नव्हते. तिला स्वतःची फार लाज वाटली. आणि भीतीही वाटली, कारण मांडीवरचं डोकं गरम लागत होतं.

संध्याकाळी साडेसहाला दवाखाना आला. तपासणीचे फोटो निघाले, कागदावर सह्या झाल्या आणि रामेश्वरला आत नेलं. सव्वा तासाने सर्जनबाई बाहेर आल्या. त्यांनी सोप्या शब्दांत सांगितलं. वजन उतरलं की पोटाच्या आतली चरबी विरघळते, मग जोड दिलेल्या जागी फट मोकळी होते. त्या फटीत आतडं सरकून अडकलं होतं. सोडवलं, फट शिवली. आतड्याचा रंग परत आला, कापावं लागलं नाही.

"माझ्या धोंड्यानं झालं का, डॉक्टरबाई?"

"नाही. आज नाही तर आठ दिवसांनी झालंच असतं. पण सकाळपर्यंत थांबला असता तर मी हे इतक्या आनंदाने सांगितलं नसतं. कुणी ओळखलं?"

रायभानने बोटाने बायकोकडे दाखवलं. आसराबाई मात्र भिंतीकडे बघत पदराने डोळे पुसत होती.

दुसऱ्या दिवशी ती जावयाच्या उशाशी गेली. "गावात काय सांगू? तुम्ही म्हणाल ते सांगते. न्हाई तर काहीच न्हाई सांगत."

रामेश्वरने बराच विचार केला. "खरं सांगा, मामी. लपवायला लई कष्ट पडले."

अधिक महिना संपायला चार दिवस होते तेव्हा तिने लेक-जावयाला पुन्हा बोलावलं, आणि तीच पंगत, तेच भाऊबंद. ओटीवर तिने जावयासाठी एकच पाट मांडला. तो बसला आणि वाढायच्या आधी ती सगळ्यांसमोर उभी राहिली.

"पाव्हण्यांचं वजनाचं आप्रेशन झालंय. हिमतीचं काम हाय ते. आता त्यांचं पोट वाटीएवढं हाय, त्यांना कुणी आग्रह करायचा न्हाई. आन मी मांडवात दोन पाट म्हणले व्हते. ते चुकलं माझं. आजपून तो किस्सा कुणी सांगायचा न्हाई, सांगितला तर माझ्याशी गाठ हाय."

कुणी हसलं नाही. "मामी, जाऊ द्या ना," रामेश्वर पुटपुटला. पण त्याचे कान या वेळी लाल झाले नाहीत, हे आसराबाईने नीट बघून घेतलं.

गोड खाल्लं की त्याला चक्कर येते, म्हणून तिने त्याच्यासाठी वेगळा धोंडा केला होता. आत शिजवलेली मुगाची डाळ, मीठ, जिरं, आकार सुपारीएवढा. त्याने तो बारीक बारीक घास करून, पाव तास लावून, चवीने खाल्ला. मग ताट पुढे केलं.

"मामी, अजून एक वाढा. लई चांगला झालाय."

भाऊबंदांनी माना वर केल्या. आसराबाईच्या हातात टोपली होती आणि टोपलीत तसलाच आणखी एक धोंडा होता. तिने फडकं ओढून टोपली झाकली.

"न्हाई," ती म्हणाली. "उद्या वाढीन."