टोळीचं तेल आणि चौदावी ट्यून

माझ्या वडिलांनी एक पियानो मारला होता.

असं ते स्वतःच म्हणायचे. "मेला ना तो माह्या हातानं." एवढंच बोलायचे आणि विषय बदलायचे.

आज बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. दरवर्षी मी त्यांचा फोटो टाकते, खाली दोन ओळी लिहिते. या वर्षी जरा मोठं लिहितेय. सहन करा.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणायचे. बाबा एका कोळसा खाणीच्या क्लबात चौकीदार होते. वय असेल चोवीस-पंचवीस. त्यांचं लग्न व्हायचं होतं, मी तर फारच लांब.

आमचं घराणं तलावात डोंग्यातून, म्हणजे छोट्या होडीतून, मासे धरणारं. आणि आमच्याकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध, टोळीचं तेल. म्हणजे मोहाच्या बियांचं.

डोंगा सुकला, लाव तेल.
टाच फुटली, लाव तेल.
बैलाचा खांदा सोलला, लाव तेल.

क्लबात साहेब लोकांचा एक जुना पियानो होता. पावसाळा संपता संपता तो करकरायला लागला. बाबांनी विचार केला, शेवटी लाकूडच ना! झाकण उघडलं आणि अर्धी बाटली आत.

करकर थांबली. बाबा खूश. कोणाला सांगितलंही नाही. त्यात काय सांगायचं?

ज्यांच्या घरी हे तेल असतं त्यांना पुढचं कळलंच असेल.

थंडीत ते तुपासारखं थिजतं.

नाताळच्या आठवड्यात क्लबात फ्रान्सिस मास्तर आले. गोव्याचे. मुंबई-कलकत्त्याच्या मोठमोठ्या हॉटेलांत जॅझ वाजवलेले. पण आता हॉटेलांना तरुण पोरं हवी होती, आणि मास्तर खाणींच्या क्लबांतून वाजवत फिरत होते.

त्यांनी स्वतः बांधलेली एक ट्यून कधीच रेकॉर्ड झाली नव्हती. एका इंजिनिअर साहेबांकडे स्पूलवाला टेपरेकॉर्डर होता. ठरलं, इथेच टेप करायची आणि मुंबईला रेकॉर्ड कंपनीला ऐकवायची, म्हणजे पुन्हा काम मिळेल. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांची गाडी होती. म्हणजे काय ते आजच.

दुपारी मास्तर बसले. पट्टी दाबली.

ती खालीच राहिली.

दुसरी दाबली. तीही खाली.

बाबा दारात उभे. भर डिसेंबरात घाम फुटलेला.

इंजिनिअर म्हणाले, राहू द्या मास्तर, पुन्हा कधी. मास्तरांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकेक पट्टी दाबून पाहिली. सात बंद.

मग म्हणाले, "मशीन चालू करो."

बाबांना संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण ते सांगायचे, "दोन्ही हात भांडून राह्यले होते पोरी. पन असं भांडन का ऐकतच राहावं वाटे."

वाजवून झालं. बाबा पुढे गेले. नोकरी गेली तर गेली.

"मास्तर, तेल मीनं टाकलं."

"किस चीज का तेल?"

"मोहाचं. टोळीचं. मले वाटलं, लाकूड सुकून राह्यलं."

मास्तर हसायला लागले. "महुए की दारू सुनी थी भाई, तेल पहली बार सुना!" आणि बाबांचा हात हातात घेतला.

बाबांचा त्या हसण्यावर कधीच विश्वास बसला नाही. "मोठे लोकं तोंडावर बोलत नाईत," म्हणायचे.

पुढच्या नाताळला मास्तर आले नाहीत. क्लबाने ग्रामोफोन आणला. बाबांनी मनाशी पक्कं केलं की टेप खराब निघाली, मास्तरांना काम मिळालं नाही, आणि हे सगळं आपल्या अर्ध्या बाटलीमुळे. साहेबांच्या हातापाया पडून पंपघरात बदली मागून घेतली.

माझ्या लेकीसाठी हार्मोनियम आणली तेव्हा सगळ्यांनी वाजवून पाहिली. बाबा लांबच बसले. "मी हात लावत नाई. बिघडते."

मी चिडायचे. "बाबा, काऊन एवढं मनाला लावून घेता?"

"तुले नाई समजत. त्याच्याजवळ तेवढंच होतं."

गेल्या महिन्यात इथेच एका जुन्या चंद्रपूरच्या ग्रुपवर एका मुलीची पोस्ट दिसली. खाणीच्या क्लबातल्या पन्नासच्या दशकातल्या चौकीदाराबद्दल कोणाला काही माहीत आहे का?

ती मास्तरांची नात. आजोबांच्या टेप तिने साफ करून घेतल्यात, त्यांचा निवडक संग्रह ऑनलाईन टाकतेय. निवड तिची नाही. मास्तरांनीच म्हातारपणी यादी करून ठेवली होती. आयुष्यभराच्या वाजवण्यातल्या फक्त चौदा ट्यून.

यादीचा फोटो पाठवला तिने. तेरा मुंबई-कलकत्त्याच्या.

चौदावी, चांदा.

पुढे बारीक इंग्रजी अक्षरात लिहिलंय. मराठीत सांगते: "सात पट्ट्या बंद होत्या. सवयीने जे वाजवायचो ते वाजवताच आलं नाही. त्या दुपारसारखं मी परत कधी वाजवलं नाही."



मग तिने पाठवलेली ती ट्यून ऐकली. संपली. पण फाईल चालूच होती. इंजिनिअर मशीन बंद करायचं विसरले होते. खुर्ची सरकल्याचा आवाज, पावलं. आणि मग,

"मास्तर, तेल मीनं टाकलं."

माझ्या मुलापेक्षाही कोवळा आवाज. थरथरणारा. बाबा, मी तुमचा असा आवाज कधी ऐकलाच नव्हता. हेडफोन लावून रडले हो मी, नातवंडांसमोर.

त्यानंतर मास्तर हसतात. मी दहा वेळा ऐकलंय ते हसणं.

खरं आहे बाबा. तोंडदेखलं नाही.

हे तुम्हाला सांगायला मला नऊ वर्षं उशीर झाला. माफ करा.

मनापासून नमस्कार.
तुमची बेबी