पाहुण्याचा कोपरा

आमच्या संख्याशास्त्र विभागात प्रोफेसरची जागा एकच होती आणि तिच्यावर डोळा ठेवून आम्ही दोघं. तो हैदराबादचा, मी बोथजवळच्या खेड्यातला. संशोधनही एकच: शेतात कापूस सरासरी किती येतो, याचा अंदाज. कापसात वाढलो मी आणि पेपर छापून यायचे त्याचे. त्याचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखायचं.

या कामात मोजायचा तुकडा आपण निवडायचा नसतो. चिठ्ठी काढावी तसा आकडा काढायचा, तो नेईल तिथे दोरी लावायची आणि तेवढ्यातलाच कापूस वेचून तोलायचा. मग तो तुकडा भरघोस असो की रोडका.

त्यानं मोजणीसाठी गाव विचारलं, तेव्हा मी मुद्दाम माझंच सांगितलं. संध्याकाळी काकाचा फोन आला.

"बाबू, तुहे सायेब दोरी घेऊन पार खडकात चालले होते. मी म्हनलं, साब, इधर क्या है, उधर चलो. हिरीजवळचा कोपरा देला त्यायले. पाहुन्याले खराब जागा कशी दाखवू?"

मला हसू आवरेना. गावोगावी असाच पाहुणचार झाला असणार, म्हणजे त्याची सरासरी फुगलेली. मी त्याच्या सेमिनारमध्ये सगळ्यांसमोर त्याला उघडं पाडायचं ठरवलं.

त्यानं पहिल्याच स्लाइडवर दोन रकाने दाखवले. एक आकड्यानं काढलेल्या तुकड्याचा, दुसरा शेतकऱ्यानं आदरानं नेलेल्या तुकड्याचा. पठ्ठ्यानं दोन्हीकडे दोरी लावली होती आणि त्यातला फरक हाच त्याचा पेपर होता.

"हे मला सरांच्या काकांच्या शेतात लक्षात आलं," तो म्हणाला. सगळे माझ्याकडे वळून टाळ्या वाजवायला लागले. मीही वाजवल्या. अंगाची नुसती लाही लाही होत होती. जन्मभर माझ्या डोळ्यांसमोर असलेली गोष्ट त्यानं एका दुपारीत उचलली.

जागा अर्थात त्यालाच मिळाली.

पुढच्या हंगामात मी माझ्या मोजणीसाठी गावी गेलो. शेत बहुतेक वेचून झालं होतं, विहिरीजवळचा कोपरा तेवढा पांढराशुभ्र. आकडा काढला तर नेमका तिथलाच निघाला. मी दोरी घेऊन निघालो.

"तिकडं नोको, बाबू," काका म्हणाला. "ते सायेबासाठी ठेवून राह्यलो. तू घरचाच हायेस, कुठंबी माप."