आबिदाचा आकडा

विनिताच्या नजरेत आबिदा पहिल्यांदा भरली ती भांडताना, आणि तेही एका लाकडाशी. विनिता ही आरोग्य खात्याची आशाताई; घरोघरी खोकल्याची चौकशी करत ती त्या गल्लीत शिरली होती. ओट्यावर बसून यंत्रमागाचा धोटा पुसता पुसता आबिदा त्याला सुनावत होती, "दिवसभर माझ्या नवऱ्याच्या ओठाला तूच रं!"

धोटा म्हणजे कापडात आडवा दोरा टाकत इकडून तिकडे पळणारं होडीसारखं लाकूड. त्यातली दोऱ्याची कांडी संपली की नवी भरायची आणि तिचा दोरा बारीक भोकातून तोंडाने ओढून काढायचा. तिचा नवरा मोहिउद्दीन कारखान्यात रोज हेच करी आणि घरी येऊन खोकत बसे. खोकल्याचा दोष मात्र आबिदा बिडीला देई. दोऱ्याबरोबर कापसाची धूळ छातीत जाते, हे तिला विनिताने वाचून दाखवलेल्या सरकारी पत्रकातून कळलं. विनिताने मास्कही दिला. मोहिउद्दीनने तो अदबीने खिशात ठेवला. मास्क लावून दोरा ओढायचा कसा, हे पत्रकात नव्हतं.

आबिदाने दोरा ओढायला क्रोशाच्या सुईसारखा आकडा करून दिला. तोही खिशातच राहिला. मजुरी कापडाच्या मीटरवर, आणि तोंड आकड्यापेक्षा चपळ. शिवाय बरोबरचे कारागीर चिडवत, मियाँ बायकोचं विणकाम घेऊन ड्युटीवर आलेत.

मग आबिदाने तब्येतीचा विषयच सोडला. सायकलच्या स्पोकची तार घासली, टोक वळवलं, मोडलं, पुन्हा वळवलं. एका सुट्टीच्या दिवशी नवऱ्याला शर्यतीला बसवलं; तो तोंडाने, ती आकड्याने. दोनदा हरल्यावर त्याने मुकाट्याने आकडा मागून घेतला.

पुढे कारखान्याचे भाविकशेठ सगळ्यांना तसे आकडे वाटू लागले. माग कमी थांबतो, कापड जास्त निघतं. कल्पना अर्थात शेठचीच. विनिताच्या साहेबांनी अहवालात जनजागृतीचं यश लिहिलं. विनिताला ओशाळल्यासारखं झालं.

"भाभी, ह्ये खरं कोनामुलं झालं?" तिने विचारलं.

"शेठला मीटर पायजे, साहेबाला कागद. मला नवरा पायजे व्हता," आबिदा म्हणाली. "पन ताय, तू नसतीस तर मी बिडीशीच भांडत बसले असते. आनि शेठ नसता तर आकडा ह्या ओट्यावरनं खाली उतरला न्हाय असता."

मोहिउद्दीनचा खोकला आता बराच कमी आहे. आबिदा अजूनही मागेल त्याला आकडा करून देते. पैसे घेत नाही. तार मात्र ज्याची त्याने आणायची.